सायकलवरून लॅबमध्ये

थर्ड इयरला सेमिनारचे टॉपिक वाटले त्या दिवशी मी उशिरा पोचलो आणि उरलेला 'गॅस क्रोमॅटोग्राफी' गळ्यात पडला. वैतागून लायब्ररीत बसलो, तर तिथे मानफ्रेड डोनिके भेटले. म्हणजे पुस्तकात हो! ते १९९५ सालीच गेले.

जन्म १९३३ चा, जर्मनीतला. हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू होता. १९६० आणि १९६१ च्या टूर द फ्रान्समध्ये ते धावले. त्या काळी सायकलपटूंनी उत्तेजक गोळ्या घेणं हे काही मोठं गुपित नव्हतं. १९६७ साली टॉम सिम्पसन त्याच शर्यतीत चढावर कोसळून मेला, अंगात अॅम्फेटामाइन सापडलं. तोवर डोनिके सायकल सोडून केमिस्ट्रीत शिरले होते.

आता थोडं टेक्निकल, कंटाळू नका. क्रोमॅटोग्राफला सॅम्पल वाफेच्या रूपात लागतं आणि स्टेरॉइडची नीट वाफ होत नाही. डोनिकेंनी १९६९ मध्ये एमएसटीएफए हे रसायन मांडलं. ते स्टेरॉइडच्या हायड्रॉक्सिल गटांवर सिलिकॉनची टोपी चढवतं, मग वाफ सहज होते. पुढे १९८३ मध्ये काराकासच्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत त्यांच्या टीमने यंत्रं लावली. खेळाडू पकडले जाऊ लागताच अमेरिकेचे डझनभर अॅथलीट मैदानात न उतरताच घरी परतले!

पण बाहेरून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन कसं ओळखायचं? ते तर शरीरातही बनतं. डोनिकेंनी त्याच्या जोडीला असणाऱ्या एपिटेस्टोस्टेरॉनशी गुणोत्तर काढलं. बहुतेकांत ते एकच्या आसपास असतं. इंजेक्शन घेतलं की वरचा आकडा फुगतो. मर्यादा ठरली सहा. सेमिनारला सरांनी नेमकं विचारलं, "सहाच का?" मी गप्प. नंतर कळलं की काहींचं गुणोत्तर जन्मतःच जास्त असतं, निर्दोष माणूस अडकू नये म्हणून एवढी ढील. तिचाच फायदा उठवला गेला. पूर्व जर्मनीत तर आकडा जुळवायला खेळाडूंना एपिटेस्टोस्टेरॉनही टोचत. मला विचाराल तर ढील बरोबरच होती. शेवटी २००५ पासून मर्यादा चारवर आली.

१९८८ ला सोलमध्ये बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत धावला आणि पकडला गेला. कुणीतरी पेयात औषध मिसळलं, असा बचाव झाला. डोनिकेंनी त्याच्या शरीरातल्या संप्रेरकांचं चित्र पुढे ठेवलं: हे एका दिवसाचं काम नव्हे, बरेच दिवस चाललंय. पुढच्या वर्षी चौकशीत जॉन्सनने कबूल केलं.

ऑगस्ट १९९५ मध्ये जोहान्सबर्गच्या विमानात हृदयविकाराने डोनिके गेले. वय ६१. एमएसटीएफए मात्र डोपिंगच्या लॅबमध्ये आजही वापरतात.