दुनिया त्याला स्टार वॉर्सचा म्हातारा म्हणून ओळखते, आणि अ‍ॅलेक गिनेसला नेमकं तेच नको होतं

जुन्या ॲक्शन फिगर्स जमवणारे लोक एकदा भेटलेच पाहिजेत. पावणेचार इंचाचा प्लास्टिकचा बाहुला. पांढरी दाढी, अंगावर तपकिरी प्लास्टिकचा झगा, हातात तलवारीची काडी. १९७८ साली अमेरिकेतल्या दुकानात टांगलेला हा बाहुला पोरांनी खाऊच्या पैशातून घेतला होता. आज त्याचाच एक खास प्रकार सीलबंद सापडला, तर त्यासाठी हजारो डॉलर मोजायला लोक तयार असतात.

बाहुल्याचं नाव बेन केनोबी, म्हणजे स्टार वॉर्समधला ओबी-वान केनोबी. चेहरा मात्र अ‍ॅलेक गिनेसचा. आणि हा गडी त्या पिक्चरवर जाम वैतागलेला होता.

झालं असं की,

२ एप्रिल १९१४ ला लंडनमध्ये अ‍ॅलेकचा जन्म झाला. आईचं नाव अ‍ॅग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि ती शेवटपर्यंत कोरीच राहिली. आपला बाप कोण हे त्याला कधीच खात्रीने कळलं नाही. एक बँकवाला गृहस्थ त्याच्या शाळेची फी भरायचा, तोच बाप असावा असा त्याचा अंदाज होता. मध्येच आईने एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, ते टिकलं नाही. चौदा वर्षांचा होईपर्यंत पोराची तीन नावं झाली होती. ज्याला स्वतःचंच नाव धड माहीत नाही, तो पुढे दुसऱ्यांचे चेहरे लावून जगला, यात नवल वाटायला नको.

शाळा संपल्यावर तो जाहिरात कंपनीत कॉपी लिहायला लागला. मन तिथे रमेना. त्या काळचा रंगभूमीवरचा बडा नट जॉन गिलगुड याने त्याला हात दिला आणि १९३४ साली हॅम्लेट नाटकात छोटी भूमिका मिळाली. चारच वर्षांत तो स्वतः हॅम्लेट झाला. त्याच वर्षी मेरुला सलामन या नटीशी लग्न झालं. मग दुसरं महायुद्ध आलं. गिनेस नौदलात भरती झाला आणि १९४३ च्या सिसिलीच्या चढाईत सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटीचा कमांडर होता.

युद्धानंतर सुरू झाला खरा पिक्चर.

१९४९ च्या काईंड हार्ट्स अँड कोरोनेट्समध्ये त्याने एकाच खानदानातल्या आठ जणांची कामं केली. त्यात एक बाईसुद्धा होती. आठही वेगळे वाटतात आणि आठांतही गिनेस सापडत नाही. हीच त्याची खासियत. रस्त्यावरून चालला तर लोक ओळखायचे नाहीत आणि त्याला ते आवडायचं. १९५७ च्या द ब्रिज ऑन द रिव्हर क्वायसाठी ऑस्कर मिळालं, १९५९ ला तो सर झाला, १९६२ च्या लॉरेन्स ऑफ अरेबियामध्ये राजपुत्र फैसल झाला.

जाता जाता एक किस्सा. सप्टेंबर १९५५ मध्ये हॉलिवूडमध्ये त्याला जेम्स डीन भेटला. डीनने आपली नवीकोरी स्पोर्ट्स कार दाखवली. गिनेसला ती गाडी बघूनच कसंतरी झालं आणि हिच्यात बसलास तर आठवडाभरात मरशील, असं तो बोलून गेला. सात दिवसांनी डीन त्याच गाडीत अपघातात गेला. ही गोष्ट गिनेसनेच सांगितली आहे, त्यामुळे किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

आता येऊ स्टार वॉर्सवर.

१९७५ च्या शेवटी जॉर्ज लुकास नावाच्या तिशीतल्या डायरेक्टरची स्क्रिप्ट त्याच्या हातात पडली. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत गिनेसने सरळ कुरकुर केली आहे. परीकथेची भंकस आहे, संवाद टुकार आहेत, असा सगळा सूर. तरी त्याने होकार दिला. एक तर त्याला लुकास मनापासून काम करणारा वाटला, आणि दुसरं म्हणजे पैसे. मानधनाबरोबरच त्याने पिक्चरच्या कमाईतल्या लुकासच्या वाट्यात हिस्सा मागून घेतला. आकडा होता २.२५ टक्के. पिक्चर चालेल याची कोणालाच खात्री नव्हती, त्यामुळे तेव्हा हा आकडा कोणाला फार मोठा वाटला नसणार. मे १९७७ मध्ये स्टार वॉर्स आला आणि त्या सव्वादोन टक्क्यांनी गिनेसला म्हातारपणी पैशाची काळजी उरली नाही. वर ऑस्करचं नामांकनही मिळालं. स्टार वॉर्सच्या कुठल्याही भागात अभिनयासाठी मिळालेलं ते आजवरचं एकमेव नामांकन.

पैसा एका बाजूने आला, चेहरा दुसऱ्या बाजूने गेला.

खेळण्यांचे हक्क लुकासने स्वतःकडे राखले होते. मेगो या तेव्हाच्या बड्या कंपनीने नकार दिला, मग सिनसिनाटीच्या केनर कंपनीने खेळणी बनवायची ठरवली. पण १९७७ च्या ख्रिसमसला त्यांच्याकडे माल तयारच नव्हता. मग त्यांनी काय करावं? रिकामं पाकीट विकलं. आत एक कूपन, ते पोस्टाने पाठवा, पुढच्या वर्षी चार बाहुले घरी येतील. लोकांनी घेतलं राव! त्या चारांत केनोबी नव्हता. तो आला १९७८ मध्ये, पहिल्या बारा जणांच्या टोळीत.

आता हा नाद असलेले लोक केनोबीमध्ये काय बघतात? तर तलवार. ती बाहुल्याच्या हातातच बसवलेली असते आणि सरकवून बाहेर काढायची असते.  अगदी सुरुवातीच्या मोजक्या बाहुल्यांत या तलवारीच्या आतून आणखी एक बारीक काडी बाहेर यायची. हा प्रकार केनरने लवकरच बंद केला. म्हणून ती काडी असलेला केनोबी सोन्याच्या भावात जातो, आणि त्याच कारणाने नकली काड्याही बाजारात फिरतात. त्यानंतर बघायचं झग्याकडे, कारण हात घालायच्या भोकांपाशी तो फाटतो. आणि पुठ्ठा असेल तर तो उलटा करायचा. मागे बाराच बाहुल्यांचे फोटो असतील, तर माल पहिल्या खेपेचा.

इतक्या सगळ्यात गिनेसच्या अभिनयाचा विषय कुठेच येत नाही.

त्याला हे टोचायचं. स्टार वॉर्सच्या चाहत्यांची पत्रं आपण न वाचताच टाकून देतो, असं त्याने सांगितलं होतं. १९९९ साली आलेल्या पुस्तकात त्याने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका पोराची गोष्ट लिहिली आहे. पोरगं अभिमानाने म्हणालं की आपण हा पिक्चर शंभराहून जास्त वेळा बघितलाय. गिनेसने त्याच्याकडून वचन मागितलं, की आता पुन्हा कधीच बघायचा नाही. पोराला रडू फुटलं आणि आई भडकली. खरं सांगायचं तर पोराची चूक काहीच नव्हती. ज्या पिक्चरचा हिस्सा तुमच्या खात्यात जमा होतो, तो शंभरदा बघणाऱ्यावर रागवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. स्टार वॉर्सनंतर त्याने थांबून राहिलेलं नाही. १९७९ मध्ये बीबीसीच्या टिंकर टेलर सोल्जर स्पायमध्ये त्याने जॉर्ज स्मायली हा थकलेला हेर केला. फार न बोलता, चष्मा पुसत माणसं वाचणारा. ज्यांनी ते बघितलंय ते त्यालाच गिनेसचं सगळ्यात भारी काम मानतात.

आणि १९८४ मध्ये तो चक्क गोडबोले झाला. डेव्हिड लीनच्या अ पॅसेज टू इंडियामधले प्रोफेसर गोडबोले, म्हणजे आपल्याकडचं अस्सल कोकणस्थ आडनाव. गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून भारतीय माणूस करायचा, हे तेव्हाही अनेकांना खटकलं आणि आज बघताना तर खटकतंच. त्याने या भूमिकेसाठी मेहनत घेतली होती, नाचसुद्धा शिकला होता. लीनने एडिटिंगमध्ये तो नाच कापून टाकला. १९४६ पासून एकत्र काम केलेल्या या दोघांच्या दोस्तीत त्यावरून दुरावा आला.

५ ऑगस्ट २००० ला यकृताच्या कॅन्सरने गिनेस गेला. बासष्ट वर्षं सोबत राहिलेली मेरुला दोन महिन्यांनी गेली. गिनेसच्या मृत्यूच्या बातम्यांत स्टार वॉर्सचा झगा घातलेला फोटो होताच.

ऑनलाइन जुना केनोबी विकायला दिसला, तर आधी केसांचा रंग बघा. काहींचे पांढरे आहेत, काहींचे करडे. दोन्ही ओरिजिनल आहेत.