भित्रं मूल स्वतःच भूत का बनतं? मनाचे बचाव उलगडणाऱ्या ॲना फ्रॉईडची गोष्ट

ही गोष्ट आहे मार्च 1938 ची. हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात घुसून दहा दिवस झाले होते. 22 तारखेला व्हिएन्नातल्या एका घरातून गेस्टापोने 42 वर्षांच्या एका ज्यू बाईला चौकशीसाठी उचललं. घरात तिचे 81 वर्षांचे, कॅन्सरने खंगलेले वडील अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी ती सुखरूप परत आली.

वडील होते सिग्मंड फ्रॉईड. आणि ती बाई म्हणजे त्यांची धाकटी मुलगी ॲना.

ॲना यांचा जन्म 3 डिसेंबर 1895 चा. सहा भावंडांत त्या शेंडेफळ. डॉक्टरकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आधी त्या शाळेत शिक्षिका होत्या. 1918 मध्ये खुद्द वडिलांनीच त्यांचं मनोविश्लेषण सुरू केलं. बापानेच लेकीच्या मनाची उकल करायची, हे आज कुठल्याच नियमात बसणार नाही. पण ते झालं, आणि 1922 मध्ये ॲना व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेच्या सदस्य झाल्या.

पुढच्याच वर्षी वडिलांच्या जबड्याचा कॅन्सर उघड झाला. त्यानंतरच्या 16 वर्षांत त्यांच्यावर तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. सेवेला कायम ॲनाच. शुश्रूषा करताना हळवेपणा दाखवायचा नाही, असा बापलेकीचा करारच होता म्हणे. दुःख होतंच, पण ते बाजूला ठेवून हात चालवायचे.

मन हे नेमकं कसं करतं? याच प्रश्नावर ॲना यांनी पुस्तक लिहिलं. 1936 मध्ये, वडिलांच्या 80 व्या वाढदिवसाच्या निमित्ताने. विषय होता 'अहम् आणि त्याच्या संरक्षण यंत्रणा'.

सिग्मंड फ्रॉईड यांच्या मते मनाचे तीन भाग. एक नुसती इच्छा करणारा, एक सतत दटावणारा आणि तिसरा या दोघांत आणि बाहेरच्या जगात मेळ घालणारा, म्हणजे अहम्. या ओढाताणीत भीती, लाज, अपराधीपणा असह्य झाला की अहम् नकळत बचावाला उभा राहतो. नको ती आठवण दडपून टाकणं म्हणजे दमन. स्वतःच्या मनातला राग दुसऱ्याच्या माथी मारणं म्हणजे प्रक्षेपण. वडिलांनी हे बचाव सुटे सुटे सांगितले होते. ॲना यांनी ते एकत्र मांडले, त्यांची यादी दहापर्यंत नेली आणि स्वतःची भरही घातली.

त्यांच्या पुस्तकात एक मुलगी आहे. तिला अंधाऱ्या दिवाणखान्यातून जायला भुताची भीती वाटायची. एक दिवस ती विचित्र हातवारे करत बिनधास्त पलीकडे गेली. युक्ती काय? ज्या भुताची भीती वाटते, ते भूत आपणच व्हायचं! डेंटिस्टकडून दुखावून आलेला एक लहान मुलगाही त्यात आहे. तो खोलीतल्या वस्तू कापत सुटला, पेन्सिलींना टोकं काढून ती मोडत बसला. याला ॲना यांनी आक्रमकाशी तादात्म्य म्हटलं. मार खाणारं मूल दुसऱ्याला का मारतं, याचं एक उत्तर इथे मिळतं.

दुसरी गोष्ट एका गव्हर्नेसची. लहानपणी तिला सुंदर कपडे हवे होते, पुष्कळ मुलं हवी होती. मोठेपणी ती साधीच राहिली आणि स्वतःच्या इच्छा दुसऱ्यांच्या संसारात पुऱ्या होताना बघत राहिली. या गव्हर्नेसमध्ये चरित्रकारांना खुद्द ॲना यांचीच सावली दिसते. ॲना यांनी लग्न केलं नाही. मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या चार मुलांना त्यांनी जीव लावला आणि आयुष्य वडिलांच्या कामाला वाहिलं.

जून 1938 मध्ये फ्रॉईड कुटुंब व्हिएन्ना सोडून लंडनला पोहोचलं. सप्टेंबर 1939 मध्ये सिग्मंड गेले. व्हिएन्नात मागे राहिलेल्या त्यांच्या चार बहिणी, म्हणजे ॲना यांच्या आत्या, पुढे नाझींच्या छळछावण्यांत मेल्या.

लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना आणि डोरोथी यांनी हॅम्पस्टेडमध्ये मुलांसाठी युद्धकालीन पाळणाघरं चालवली. तिथे त्यांना दिसलं, की आई जवळ असलेली मुलं बॉम्बहल्लेही बऱ्यापैकी पचवतात. खरा घाव आईपासून तुटण्याचा असतो.

1945 मध्ये तेरेझीनच्या छावणीतून वाचलेली तीन-चार वर्षांची सहा अनाथ मुलं इंग्लंडला आली. ती खेळणी मोडायची, सांभाळणाऱ्या बायकांना मारायची, चावायची. पण एकमेकांना क्षणभरही सोडायची नाहीत. स्वतः खाण्याआधी शेजारच्याला घास मिळाला का बघायची. ॲना यांनी 1951 मध्ये सोफी डान यांच्यासोबत या मुलांवर लेख लिहिला. आईबाप गमावलेल्या या मुलांनी एकमेकांचाच आधार बनवून मन सावरलं होतं.

बचाव हा मनाचा दोष नाही, हे ॲना यांच्या कामाचं सार. लहानपणी तोच मुलाला तारतो. अडचण होते ती धोका टळल्यावरही तो सुटत नाही तेव्हा. भूत गेलं तरी हातवारे चालूच राहतात. म्हणून मुलाचा बचाव ओरबाडून काढायचा नसतो. त्यामागे कसली भीती आहे, हे आधी शोधायचं असतं.

1952 मध्ये त्यांनी हॅम्पस्टेडला मुलांसाठी क्लिनिक उभं केलं. 9 ऑक्टोबर 1982 ला त्यांचं निधन झालं. ज्या घरात त्या शेवटपर्यंत राहिल्या, तिथे आता फ्रॉईड म्युझियम आहे. लोक तिथे सिग्मंड यांचा प्रसिद्ध कोच बघायला जातात. पण हट्टी, मारकुट्या मुलाकडे बघून 'हा कशाला घाबरलाय?' असं जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा तो प्रश्न ॲना यांचा असतो.