संत्र्याच्या मळ्यातला वाद्यकार

लोधीखेड्यास माझी धाकटी बहीण दिली आहे. नागपूरहून छिंदवाड्यास जाताना लागणारे हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ पासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. सरकारी कागद हिंदीत, घरातले बोलणे मराठीत, आणि सभोवार संत्र्याचे मळे. गेल्या वर्षी आंबिया बहाराची तोडणी चालू असता मी तेथे चार दिवस मुक्कामास होतो. दुसऱ्याच दिवशी भाच्याने एक विजेची गिटार माझ्यापुढे आणून ठेवली, आणि ती पाहून माझ्या कपाळास आठ्या पडल्या. कारखान्याने बसविलेल्या तीन पिकअपांपैकी दोन त्याने काढून टाकले होते. दांडीच्या बुडापासून घोडीपर्यंत लाकडात एक लांब खाच कोरली होती, आणि उरलेले एक पिकअप त्या खाचेतून कंपासपेटीच्या झाकणासारखे मागेपुढे सरकत होते.

माझ्या आठ्यांचे कारण निराळे होते, ते आधी सांगितले पाहिजे. माझे वडील दरबारी सतारिये. संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते व आजोबांच्या मागे बसून वाजवीत. दरबार गेला, हात राहिला. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. मी शाळेत असताना एका उत्सवात त्यांचे वादन ठरले. मांडव मोठा, गर्दी मोठी. ध्वनिवर्धकवाल्याने कोणास न विचारता सतारीच्या तबलीत दोन स्क्रू पिळून पिकअप बसविले. बाजाची तार कानात खिळा ठोकावा तशी ऐकू आली, आणि जोड व खर्ज मुकेच राहिले. त्या पावसाळ्यात तबलीस चीर गेली. वडिलांनी ती सतार गवसणीत घातली. पुन्हा काढली नाही.

भाच्यास ही हकीकत अर्धवट ठाऊक होती. आजोबांच्या त्याच सतारीवर आपल्याला एक प्रयोग करावयाचा आहे, ती द्याल का, असे त्याने मला भीतभीत विचारले. मी नाही म्हटले. तेव्हा तो म्हणाला की मामा, ज्या माणसाने या गिटारीचा घाट घातला तोही आपल्यासारखाच संत्र्याच्या मळ्यातला होता, आणि त्याला गिटार वाजवताच येत नव्हती. मला हसू आले. वाजवता न येणाऱ्याने वाद्य घडवावे, हे आमच्या घराण्यात कोणी ऐकून घेतले नसते. परंतु तो माणूस मनातून जाईना. परत आल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचले, आणि माझे हसू थोडे ओसरले.

लिओ फेंडर हे त्याचे जगास ठाऊक असलेले नाव. पाळण्यातले नाव क्लॅरेन्स लिओनायडस. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मध्ये त्याच्या आईबापांचा संत्र्याचा मळा होता. आठ वर्षांचा असताना डाव्या डोळ्यात गाठ झाली, तो डोळा काढावा लागला, आणि जन्मभर तेथे काचेचा डोळा राहिला. पुढे महायुद्धात त्याला सैन्यात घेतले नाही ते यामुळेच. एका डोळ्याचे हे उणे त्याच्या कानांनी भरून काढले असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे म्हणण्यास आधार नाही. त्याचे कान चांगले होते एवढेच खरे.

तेरा वर्षांचा असताना त्याच्या मामाने त्याला रेडिओच्या सुट्या भागांची एक पेटी धाडली. हा मामा सांता मारिया गावी मोटारींच्या विजेचे काम करी, आणि त्याने स्वतः जुळविलेल्या रेडिओचा मोठा आवाज दुकानापुढे घुमत असे. तो आवाज पोराच्या डोक्यात बसला. (मामांनी भाच्यांना काय द्यावे याचा विचार या ठिकाणी माझ्या मनात आला, हे कबूल करतो.) लहानपणी पियानोचे धडे आणि थोडे सॅक्सोफोन एवढेच त्याचे संगीतशिक्षण. कॉलेजात विषय घेतला हिशेबाचा. पुढे बर्फाच्या कंपनीत, मग सरकारी रस्ते खात्यात, मग टायरच्या कंपनीत अशा त्याने कारकुनी नोकऱ्या केल्या. मंदीच्या त्या काळात नोकऱ्या टिकत नव्हत्या. शेवटी १९३८ साली सहाशे डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले.

या दुकानात गाणारे-बजावणारे लोक येऊ लागले. कोणाचा ध्वनिवर्धक बिघडलेला, कोणाच्या गिटारीचे पिकअप. विजेची गिटार त्या आधीच जन्मली होती. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशॅम्प याने तव्याच्या आकाराची एक हवाई गिटार काढली व रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. तिच्यात नालाच्या आकाराचे लोहचुंबक तारांभोवती घातलेले होते. आपल्याकडे या हवाई गिटारीने चित्रपटांत आणि बंगाली दिवाणखान्यांत किती घर केले ते जुन्या रसिकांस सांगावयास नको.

पिकअप म्हणजे काय, हे येथे सांगून टाकतो, कारण वडिलांच्या सतारीचे कोडे मला त्यातच उलगडले. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते, आणि वेढ्यांत क्षीण वीज उपजते. ती मोठी करून कर्ण्यातून सोडावयाची. म्हणजे पिकअप हवेतला नाद ऐकत नाही, ते पोलादाचे हलणे ऐकते. पितळ किंवा कासे यांस चुंबक ओळखत नाही. आपल्या सतारीची बाजाची तार पोलादी, जोड व खर्ज पितळी किंवा काशाच्या. त्या मांडवात अर्धी सतार मुकी झाली ती ध्वनिवर्धकवाल्याच्या दुष्टपणामुळे नव्हे, अज्ञानामुळे. तबलीचे स्क्रू मात्र मी अजून माफ केलेले नाहीत.

फेंडर आणि त्याचा सोबती डॉक कॉफमन यांनी १९४३ च्या सुमारास पिकअप पारखण्यासाठी एक गिटार केली. ती पोकळ नव्हती. लाकडाची नुसती भरीव फळी. हेतू एवढाच की पिकअप चालते की नाही ते कळावे. पण गावातले वादक ती कार्यक्रमांसाठी मागून नेऊ लागले. पोकळ पेटीची गिटार ध्वनिवर्धकापुढे शीळ घाली, ही फळी घालीत नसे. १९४५ साली दोघांनी मिळून धंदा काढला; कर्जाची धास्ती घेऊन कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडला, आणि फेंडर एकटा उरला. कारकुनाच्या अंगी एवढी छाती कोठून आली कोण जाणे.

१९५० साली त्याने भरीव अंगाची गिटार बाजारात आणली. पहिले नाव ब्रॉडकास्टर. पण त्या उच्चाराचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांना होते, त्यांची तार आली, तेव्हा नाव बदलले आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. मधल्या काळात नावाची चिठ्ठी कापून, बिननावाच्याच गिटारी पाठविल्या. त्याच वर्षी पडदे बसविलेली विजेची खर्ज गिटार, म्हणजे बेस, त्याने काढली. तोवर खर्जासाठी माणसाएवढे उंच वाद्य पाठीवर वाहून न्यावे लागे. १९५४ मध्ये तीन पिकअपांची स्ट्रॅटोकास्टर आली. त्या कामात त्याचा हात होता फ्रेडी तव्हारेस याचा, आणि हा हवाई बेटांवरचा, हवाई गिटार वाजविणारा. वादक नसलेल्या मालकाने वादकास शेजारी बसविले, हे शहाणपण आमच्याकडच्या काही कारागिरांनीही घ्यावे.

आता तो मुद्दा, ज्याने मला या माणसाचा मित्र केले. तार एकच, पण तिच्याकडे कोठून कान लावावा? सतारीची नखी घोडीजवळ मारली तर बोल कडक आणि खणखणीत येतो, दांडीकडे सरकलो तर गोल व गोड. हे प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी कळते. ज्या बिंदूवर तार छेडावी, त्या बिंदूवर ज्या स्वयंभू स्वराची गाठ असेल तो स्वर उठत नाही, असे थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०० च्या सुमारास दाखविले. पिकअपचे गणित हेच, उलटे धरलेले. ज्या जागी ते बसविले, तेथे ज्या स्वयंभूची गाठ असेल तो त्यास ऐकू येत नाही. फेंडरच्या गिटारीची तार साडेपंचवीस इंच. स्ट्रॅटोकास्टरचे दांडीजवळचे पिकअप घोडीपासून सुमारे सव्वासहा इंचांच्या पुढे, म्हणजे तारेच्या जवळजवळ चौथाईवर येते. खुल्या तारेतला चौथा स्वयंभू, दोन सप्तके वरचा षड्ज, तेथे जवळजवळ लुप्त होतो. पडद्यावर बोट पडले की गाठी सरकतात, आणि निराळाच स्वर लपतो. तंबोऱ्यातला गांधार ऐकू यावा म्हणून रात्र रात्र जवारीचा दोरा सरकविणाऱ्या आपल्या गवयांस हे सांगावयास कोणत्या यंत्राची गरज?

घोडीजवळचे पिकअप फेंडरने तिरके बसविले. खालच्या, जाड तारांच्या बाजूचे टोक घोडीपासून दूर, बारीक तारांच्या बाजूचे घोडीजवळ. जाड तारांस अंग राहावे आणि बारीक तारांस धार यावी म्हणून. १९६० नंतर जिमी हेंड्रिक्स नावाचा डावखुरा तरुण उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून वाजवू लागला, तेव्हा ती तिरकस आपोआप फिरली, जाड तारा घोडीकडे आणि बारीक तारा दूर ऐकू येऊ लागल्या. १९७० साली सत्ताविसाव्या वर्षी तो गेला, पण तो उलटा तिरका आवाज मिळावा म्हणून लोक अजून लाकूड कोरतात. तीन पिकअपांसाठी फेंडरने तीन जागांची कळ ठेवली होती. वादकांनी ती दोन जागांच्या मध्येच अडकवून दोन पिकअपे एकदम चालविली व एक नवा नाकातला आवाज शोधला. कंपनीने पाच जागांची कळ दिली ती १९७७ मध्ये. गिब्सन कंपनीने तर १९७३ च्या आपल्या एका बेस गिटारीत सरकणारे पिकअपच घातले. तेव्हा माझा भाचा काही जगावेगळे करीत नव्हता.

फेंडरचे उरलेले आयुष्य थोडक्यात. सततच्या आजाराने थकून १९६५ च्या जानेवारीत त्याने कंपनी सी. बी. एस. या मोठ्या संस्थेस एक कोटी तीस लाख डॉलरांस विकली. पुढे एका डॉक्टराच्या औषधाने तो बरा झाला. पण कंपनी गेली ती गेली. त्याला बसवेना. म्युझिक मॅन या कंपनीत काम केले, मग १९७९-८० च्या सुमारास जुन्या सहकाऱ्यांबरोबर जी अँड एल नावाचा कारखाना काढला. पत्नी एस्थर १९७९ मध्ये वारली होती; १९८० मध्ये त्याने पुन्हा लग्न केले. कंपवाताने हात थरथरू लागले तरी कामाच्या मेजावर जाणे सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. एवढ्या साऱ्या गिटारी जगभर वाजत होत्या, आणि शेवटपर्यंत त्याला त्यांतली एकही वाजवता येत नव्हती.

लोधीखेड्यातल्या त्या शेवटच्या रात्री जेवणानंतर भाच्याने ते पिकअप घोडीपासून दांडीकडे बोटभर सरकवावे आणि मी तीच तार छेडावी, असे आम्ही तासभर करीत बसलो होतो. मेव्हणे मळ्यातून आले, पाहून गेले. सुमारे पाचव्या हिश्शावर आवाज एकाएकी उघडा, पोकळ वाटला. येथे तुझा गांधार हरवला, असे मी म्हणालो, आणि तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. एका जागी मला क्षणभर वडिलांच्या हाताचा भास झाला. ती जागा त्याने पेन्सिलीने खाचेच्या कडेस खुणावून ठेवली.

परवा त्याचे पत्र आले आहे. चुंबकाऐवजी तबलीच्या कंपनाने चालणारे पिकअप, स्क्रू न लावता मेणाने चिकटवावयाचे, असा त्याचा बेत आहे; त्यात पितळी तारा मुक्या राहणार नाहीत. जागा मात्र कानाने शोधावी लागेल, आणि त्यासाठी मामांनी यावे. मी कपाटावरून सतार काढली. गवसणीची दोरी कुजली होती. तबलीवर ती दोन भोके तशीच आहेत. चीर त्यांतल्या डावीकडच्या भोकापासून निघून घोडीच्या अलीकडे दोन बोटांवर थांबली आहे. आधी ती बुजवावयास द्यावयाची आहे.