नेमणुकीची वाट आणि बाबासाहेब

उपासक-उपासिकांनो, आपल्या वस्त्यांतून आज एम. ए., एम. एस्सी. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण झालेली मुलेमुली आहेत. प्राध्यापकाच्या जागेसाठी ती अर्ज करतात, मुलाखती देतात आणि महिनोन् महिने निकालाची वाट पाहतात. कित्येकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यातच जातात. मग घरची माणसे खचतात. कुणी मुलालाच दोष देतो, तर कुणी गुपचूप नवस बोलायला सुचवतो. अशा घरांनी परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातील पुढील वर्षे ध्यानात घ्यावीत.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब मुंबईस परतले. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी जवळ होती. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला होता. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत. राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. एवढा विद्वान पुरुष रिकाम्या हाताने मुंबईस परत आला.

नंतरचे वर्ष कठीण गेले. त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळताच गिऱ्हाइके तुटली. मात्र त्यांची लेखणी थांबली नाही. १९१८ साली शेतजमिनीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नावरील त्यांचा निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, तीही तात्पुरती. पगार दरमहा ४५० रुपये. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. पण त्यांची व्याख्याने ऐकावयास इतर कॉलेजांचे विद्यार्थीही येऊ लागले. माता रमाईंनी परळच्या चाळीत काटकसरीने संसार केला, म्हणूनच पगारातून शिल्लक पडली. ती शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले.

तेथेही वाट पाहणे चुकले नाही. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी १९२३ साली दुरुस्तीसाठी परत केला. पैसे संपत आल्याने बाबासाहेब मुंबईस आले, येथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, पण आपले निष्कर्ष बदलले नाहीत. त्याच वर्षी पदवी मिळाली.

एवढ्या पदव्या मिळवूनही कायमची प्राध्यापकी दारात उभी नव्हती. वकिली करीत असतानाच १९२५ ते १९२८ या काळात एका खासगी हिशेबशिक्षण संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. १९२८ साली सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, तीही हंगामी. त्याच कॉलेजचे प्राचार्यपद १९३५ साली त्यांच्याकडे आले. सिडनहॅमच्या पहिल्या नेमणुकीपासून मोजल्यास मध्ये सुमारे सतरा वर्षे गेली.

पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले कॉलेज उभे राहिले. ज्याला दुसऱ्यांच्या दारात ताटकळावे लागले, त्याने हजारोंसाठी स्वतःचे दार उघडले.

यातून आपल्या घरांनी काय घ्यावे? नकाराचे पत्र हा विद्येचा निकाल नव्हे. वाट पाहण्याचा काळ लेखन-वाचनात, पुढच्या अभ्यासात घालवावा. हाती आलेले तात्पुरते कामही मन लावून करावे. पारमितांतील क्षांती आणि वीर्य यांचा आचरणातील अर्थ हाच. क्षांती म्हणजे मुकाट्याने अन्याय गिळणे नव्हे. राखीव जागेवर योग्य उमेदवार नाही असा शेरा मारला गेला, तर लेखी कारण मागावे, संघटनेमार्फत दाद मागावी. नवसाने नेमणूक होत नसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्याला जागाही नाही. आईवडिलांनी मुलाला टोमणे मारण्याऐवजी रमाईंप्रमाणे पाठीशी उभे राहावे. त्या आधाराची किंमत कोणत्याही पगारापेक्षा मोठी आहे.

जयभीम!