मनोदेवतेचा कौल व न्यायमूर्ति रानडे

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्राकडे आज आम्ही वळत आहों तें त्यांची स्तुति गाण्याकरितां नव्हे. स्तुति पुष्कळ झाली आहे, व निंदाही कांहीं कमी झालेली नाहीं. मनोदेवता एक सांगते आणि घर, जात, पेठ व सरकार दुसरेंच सांगतात, अशा वेळीं काय करावें हा पेंच ज्यास कधीं पडला नाहीं असा गृहस्थ आमच्या वाचकांत क्वचितच निघेल. रानड्यांच्या आयुष्यांत हा पेंच वारंवार पडला. कांहीं प्रसंगीं त्यांनीं मनोदेवतेचा कौल पाळला, कांहीं प्रसंगीं मोडला. आणि आमच्या मतें मोडलेल्या प्रसंगांपासूनच शिकण्यासारखें अधिक आहे.

रानडे १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांत निफाड येथें जन्मले. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत असल्यामुळें त्यांचें बाळपण तिकडे गेलें. पेशवाई बुडून तेव्हां पुरतीं पंचवीस वर्षेंही झालीं नव्हतीं. जुनें राज्य गेलेलें, नवें बसलेलें, आणि नव्या विद्येच्या बळावर नोकरी व मान मिळविणाऱ्या तरुणांनीं नव्या धन्याचे गुण गावे अशी सर्वांची अपेक्षा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत असतां या तरुणानें मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी कारभाराशीं तुलना करून मराठ्यांच्या बाजूनें निबंध लिहिला. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे त्यांचे चाहते. तरी त्यांनाही तें सोसलें नाहीं, व रानड्यांची शिष्यवृत्ति कांहीं काळ बंद झाली. १८६२ सालीं ते मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या तुकडींत बी. ए. झाले, १८६६ सालीं एलएल. बी. झाले. पुढें त्यांनीं इंग्रजी राज्याचा फायदा मोकळेपणानें कबूल केला, हें खरें. परंतु शिष्यवृत्तीच्या भयानें मत बदललें, असें त्यांच्या शत्रूलाही म्हणतां आलें नाहीं.

१८७१ सालीं ते सबजज्ज होऊन पुण्यास आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षीं निघाली होती. सरकारी नोकरी संभाळून त्यांनीं त्या सभेला जें वळण लाविलें, स्वदेशी व्यापारावर जीं व्याख्यानें दिलीं, दुष्काळाच्या व शेतसाऱ्याच्या प्रश्नांवर जें लिहिलें व लिहविलें, तें सर्व सरकारच्या डोळ्यांत खुपत होतें. १८७८ सालीं त्यांची नाशिकास बदली झाली. पुढल्या वर्षीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें, मे महिन्यांत पुण्याचे विश्रामबाग व बुधवार हे वाडे जळले, आणि सरकारनें रानड्यांस आणखी दूर धुळ्यास धाडलें. तेथें त्यांचें टपाल फोडून वाचलें जात असे. एवढा जज्ज, आणि त्याच्या घरचीं पत्रें पोलीस वाचणार! रानड्यांनीं राजीनामा दिला नाहीं, आणि लिहिणेंही सोडलें नाहीं. संशय आपोआप फिटला. १८९३ सालीं काशीनाथ त्र्यंबक तेलंग वारल्यावर हायकोर्टाची जागा त्यांस मिळाली. राजकारणाच्या बाजूनें पाहतां या पुरुषानें मनोदेवतेशीं बेइमानी केली असें दाखविणारा पुरावा आम्हांस आढळत नाहीं.

आतां घराकडे वळूं.

विष्णुशास्त्री पंडित यांनीं चालविलेल्या विधवाविवाहाच्या चळवळींत रानडे आरंभापासून होते. १८६९ सालीं मुंबईस असा एक विवाह लागला. त्याच्या पुरस्कर्त्यांवर बहिष्कार पडला, आणि पुढें पुण्यास शंकराचार्यांपुढें जो शास्त्रार्थ झाला त्यांत सुधारकांची बाजू मांडणाऱ्यांत रानडेही होते. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी सखूबाई निवर्तली. रानड्यांचें वय एकतीस. आतां हे विधवेशीं लग्न करून दाखवितील अशी मित्रांची आशा होती व वडिलांची भीति होती. गोविंदरावांनीं वेळ दवडला नाहीं. वर्ष संपण्यापूर्वींच कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या कन्येशीं मुलाचें लग्न त्यांनीं लावून दिलें. रानड्यांनीं आधीं नको म्हणून पाहिलें, विनविलें. वडील संबंध तोडून कोल्हापुरास निघून जाण्यास सिद्ध झाले, तेव्हां मुलगा नमला.

पितृभक्तीच्या नांवाखालीं हा प्रसंग झांकून टाकणारे चरित्रकार झाले आहेत. आम्ही वकिलीच्या पेशांतले. आम्हांस हा बचाव पुरेसा वाटत नाहीं. वडिलांस दुखवावयाचें नव्हतें तर अविवाहित राहतां आलें असतें. आणि दुसऱ्यांस तरी तें कसें साधलें? खुद्द विष्णुशास्त्री पंडितांनीं पत्नी वारल्यावर १८७४ सालीं विधवेशींच विवाह केला. वीस वर्षांनंतर, १८९३ सालीं, धोंडो केशव कर्वे या गरीब प्रोफेसरानें गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला व मुरूड गांवचा बहिष्कार सोसला. पंडितांची वा कर्व्यांची मनोदेवता रानड्यांच्या मनोदेवतेहून निराळी नव्हती. तिचें ऐकण्याची किंमत त्यांनीं दिली. रानड्यांनीं त्या दिवशीं दिली नाहीं. ज्या बालविवाहावर रानडे टीका करीत, तोच त्यांच्या घरांत झाला. आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा त्यांनीं कैवार घेतला तेव्हां विरोधकांनीं हेंच लग्न त्यांच्या तोंडावर फेंकलें. आजच्या कायद्यांत तें लग्न बसलेंच नसतें. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय चौदा ठरविलें, पुढें तें अठरा झालें.

परंतु खटला येथेंच संपत नाहीं. वचन मोडलेल्या माणसापुढें दोन वाटा असतात. एक, मत बदलून कृत्याशीं जुळवून घ्यावें. दुसरी, कृत्य चुकीचेंच म्हणून नांवें मांडून ठेवावें व आयुष्यभर त्याची फेड करीत राहावें. व्यापारी वाचकांस हें सांगावयास नको. बुडालेली रक्कम खोडून वही साफ करणारे पुष्कळ; ती उघडी ठेवून हप्ते देणारे थोडे. रानड्यांनीं पुढें बालविवाह बरा असें कधींही म्हटलें नाहीं, विधवाविवाहाचा पक्ष सोडला नाहीं, आणि घरांत आलेल्या त्या मुलीस, म्हणजे रमाबाईंस, लगेच मुळाक्षरांपासून शिकविण्यास बसविलें. घरांतील बायकांचा या शिक्षणास सक्त विरोध. रमाबाईंस टोमणे, अबोला, सर्व सोसावें लागलें. मराठी झालें, इंग्रजी झालें. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, त्या खटपटींतही रमाबाई होत्या. हें सर्व केल्यानें १८७३ ची बाकी फिटली असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या विधवेस त्या दिवशीं घर मिळावयाचें तिला तें मिळालें नाहीं.

दुसरा प्रसंग चहाचा. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींस बोलावणें झालें. व्याख्यान आटोपल्यावर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता हात लाविला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें छापून टाकिलीं, आणि पेल्याभर चहावरून पुण्यांत ग्रामण्य पेटलें. टिळकही त्यांत होते, रानडेही होते. पुरोहित बंद, पंक्ति बंद, मुलींचीं लग्नें अडलीं, माहेरवाशिणी अडकल्या. आज ज्यांस ही गोष्ट हसण्यासारखी वाटते त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्कारास गुन्हा ठरविणारा कायदा २०१६ सालीं करावा लागला, व त्यांत तीन वर्षेंपर्यंत कैदेची शिक्षा ठेवावी लागली. जातपंचायतींच्या दाराशीं आजही माणसें हात जोडून उभीं असतात.

रानड्यांचें स्वतःचें कांहीं अडलें नव्हतें. परंतु त्यांच्याबरोबर गोंवलेल्या मित्रांच्या घरीं कोंडी झाली होती, व रानडे पुढें झाल्यास त्यांचीही सुटका होईल अशी त्यांची विनवणी होती. १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. सुधारक पक्ष हळहळला, सनातनी हंसले, आणि रमाबाईंस तर हें मुळींच रुचलें नाहीं. आम्हांस येथें निवाडा देणें पूर्वीच्या प्रसंगाहून कठीण वाटतें. १८७३ सालीं रानडे नमले त्यांत आपल्या घराची शांति वांचविणें होतें. १८९२ सालीं त्यांनीं आपला लौकिक खर्च करून दुसऱ्यांचीं घरें वांचविलीं. तरी पण ज्या पक्षाचे ते पुढारी होते त्याचा धीर त्या दिवशीं खचला, हा खर्चही हिशेबांत धरला पाहिजे. दयाळू माणसाची मनोदेवता पुष्कळदां अशी दोन तोंडांनीं बोलते, व त्यांतलें कोणतें खरें हें त्या क्षणीं कळत नाहीं.

तीन वर्षांनीं, १८९५ सालीं, पुण्यास काँग्रेस भरली. तिच्या मांडवांत सामाजिक परिषद भरूं देऊं नये यासाठीं शहरांत रण माजलें. या वेळीं रानड्यांनीं मांडव सोडला, परिषद सोडली नाहीं. ती दुसरीकडे भरविली. एखाद्या वर्षापुरती परिषद तहकूब केली असती तरी कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. घरांत दोनदां नमलेला हा मृदु मनुष्य भर शहरांत, सोपी वाट समोर असतां, नमला नाहीं.

१६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. रमाबाई तेव्हां चाळिशींच्या आंत होत्या. त्यांनीं पुण्यास सेवासदन उभें केलें, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठीं म्युनिसिपालिटीशीं भांडल्या, आणि १९१० सालीं आपल्या व पतीच्या आयुष्यांतील आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. रानड्यांविषयींचा त्यांचा आदर त्यांत पानोपानीं दिसतो. तरी लग्नाची ती हकीकत त्यांनीं गाळली नाहीं, व प्रायश्चित्ताचीही गाळली नाहीं.