बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि देशातील रस्त्यांचा पाया

केंद्रीय रस्ते निधी, इंडियन रोड्स काँग्रेस आणि दिल्ली-मथुरा मार्गावरील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था या तीन व्यवस्थांनी देशातील रस्तेबांधणीला शिस्त लावली. रस्त्यासाठी पैसा कोठून यावा, तो कोणत्या मानकांनुसार बांधावा आणि त्याखालच्या मातीचा अभ्यास कोणी करावा, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळाली. या तिन्ही व्यवस्थांचा उगम १९२८ सालच्या एका अहवालात आहे. तो सादर करणाऱ्या समितीचे अध्यक्ष अभियंता नव्हते. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे आणि मध्यवर्ती विधिमंडळात मुंबईचे प्रतिनिधित्व करणारे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्याकडे ते अध्यक्षपद होते.

महाराष्ट्राला जयकर यांची ओळख आहे ती प्रामुख्याने पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून. राजकीय इतिहासात त्यांचे नाव तेजबहादूर सप्रू यांच्यासोबत मध्यस्थ म्हणून घेतले जाते. रस्त्यांच्या संदर्भात मात्र ते अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतील ‘जयकर समिती’ या दोन शब्दांपुरतेच उरले आहे.

मुंबईतील घडण

जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी झाला. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील हे घराणे होते. एल्फिन्स्टन हायस्कूल आणि शासकीय विधी विद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. १९०५ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. संस्कृत, वेदान्त आणि भारतीय कला या विषयांत त्यांना विशेष रस होता. होमरूल चळवळीच्या काळात ते राष्ट्रीय राजकारणाकडे वळले.

१९१९ मध्ये जालियनवाला बाग हत्याकांड घडले. पंजाबमधील अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासमवेत जयकर यांनी काम केले. साक्षी नोंदवणे, त्या पारखणे आणि पुराव्यात टिकेल तेवढेच लिहिणे ही त्यांच्यातील वकिलाची पद्धत या कामी आली. समितीचा अहवाल १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर मुंबई कायदेमंडळात ते स्वराज्य पक्षाचे नेते झाले. कायदेमंडळात जाऊन सरकारची सर्वत्र अडवणूक करावी, असे त्या पक्षाचे धोरण होते. जयकर, न. चिं. केळकर आणि डॉ. बा. शि. मुंजे यांना ते पुरेसे वाटले नाही. जेथे लोकांचे हित साधते तेथे सहकार्य करावे आणि जेथे ते बाधित होते तेथे विरोध करावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी प्रतिसहकार पक्ष स्थापन केला. काँग्रेसमधील अनेकांना ही माघार वाटली. पंजाबच्या अत्याचारांचा अहवाल लिहिणाऱ्याने त्याच सरकारशी सहकार्य कसे करावे, हा प्रश्न रास्त होता. या भूमिकेची कसोटी पुढे दिल्लीत लागली.

विधिमंडळातून रस्त्यावर

१९२६ च्या निवडणुकीत जयकर मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून आले. १८ जानेवारी १९२७ रोजी नवी दिल्लीत विधिमंडळाच्या गोलाकार इमारतीचे उद्घाटन झाले आणि नव्या सभागृहाच्या पहिल्या सदस्यांत जयकर यांनी स्थान घेतले. राजधानीचे रुंद, वृक्षांकित मार्ग तेव्हा आकाराला येत होते. देशातील बहुतेक गावांपर्यंत मात्र बैलगाडीची चाकोरीच जात होती.

पहिल्या महायुद्धानंतर देशात मोटारी आणि मालमोटारींची संख्या वाढू लागली होती. त्या वेळचे पक्के रस्ते खडी अंथरून, त्यावर मुरूम व पाणी टाकून, रूळ फिरवून बांधलेले असत. बैलगाडीच्या लोखंडी धावा खडीचा चुरा करीत आणि वेगाने जाणाऱ्या मोटारीची रबरी चाके तो चुरा उडवून देत. खडीला धरून ठेवणारी भुकटीच निघून गेल्याने रस्ता उखडत असे. पावसाचे पाणी त्यातून खाली मुरले की तळाची माती मऊ होई आणि वरची खडी तिच्यात रुतू लागे.

पैशाची स्थिती याहून बिकट होती. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता. प्रांतांनी त्यातील मोठा भाग जिल्हा लोकल बोर्डांवर सोपवला होता आणि बोर्डांचे उत्पन्न तुटपुंजे होते. मोटारी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जात, पण त्यांच्यामुळे होणाऱ्या झिजेचा भार वाटेतील बोर्डावर पडे. बाजारापर्यंत माल नेण्यासाठी शेतकऱ्याला पावसाळा संपण्याची वाट पाहावी लागे.

या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये सरकारने विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची भारतीय रस्ते विकास समिती नेमली आणि जयकर तिचे अध्यक्ष झाले. समितीने पुढील वर्षी अहवाल दिला. रस्तेविकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला असून तो राष्ट्रीय महत्त्वाचा विषय मानावा, हे तिचे मूळ प्रतिपादन होते. मोटारींच्या इंधनावर जादा कर लावून त्यातून स्वतंत्र निधी उभारावा, अभियंत्यांना अनुभवांची देवाणघेवाण करण्यासाठी एक निमसरकारी मंडळ असावे आणि रस्त्यांसाठी संशोधन संस्था स्थापन व्हावी, अशा तिच्या प्रमुख शिफारशी होत्या.

निधीची शिफारस सर्वांत आधी अमलात आली. १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. संशोधन आणि विशेष कामांसाठी त्यातील काही भाग केंद्राकडे राखून उरलेली रक्कम प्रांतांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटण्यात येत असे. या वाटपात एक उणीव होती. ज्या प्रांतात मोटारी अधिक, तेथे निधी अधिक जाई. ज्या खेड्यात मोटारच पोहोचत नव्हती, त्याच्या वाट्याला या हिशेबाने फारसे काही येत नव्हते. ग्रामीण रस्त्यांचा प्रश्न त्यामुळे पुढील अनेक वर्षे रेंगाळला.

डिसेंबर १९३४ मध्ये दिल्लीत इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि तेथे देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार झाला. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असे उद्दिष्ट या नागपूर योजनेत होते. संशोधन संस्थेची शिफारस प्रत्यक्षात येण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले. दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे काम १९५२ मध्ये रीतसर सुरू झाले.

माती दाबण्याचे शास्त्र

समितीने संशोधनाची निकड मांडली त्या सुमारास जगातही रस्त्याखालच्या मातीचा शास्त्रीय विचार नुकताच सुरू झाला होता. १९३३ मध्ये लॉस एंजेलिसचे अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी मातीच्या भरावाविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माती म्हणजे कण, पाणी आणि हवा यांचे मिश्रण. ती दाबताना मुख्यतः हवा बाहेर पडते आणि कण एकमेकांच्या जवळ येतात. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत. फार ओली असेल तर हवेच्या जागी पाणीच बसून राहते. या दोहोंच्या मध्ये ओलाव्याचे एक प्रमाण असे असते की तेवढ्याच श्रमात माती सर्वाधिक घट्ट बसते.

भारतीय मानकानुसार होणाऱ्या हलक्या दाबाच्या चाचणीत एक लिटरच्या धातूच्या साच्यात माती तीन थरांत भरतात. प्रत्येक थरावर २.६ किलोग्रॅमचा ठोकळा ३१० मिलिमीटर उंचीवरून पंचवीस वेळा सोडतात. ओलावा बदलत ही चाचणी पुन्हा पुन्हा केली की त्या मातीसाठी योग्य ओलावा कळतो. महामार्गांसाठी अधिक वजनाच्या ठोकळ्याने हीच चाचणी करतात. महामार्गाच्या थरांखालील वरच्या अर्ध्या मीटर मातीची घनता अशा चाचणीत मिळालेल्या कमाल घनतेच्या किमान ९७ टक्के असावी लागते. ती कमी पडली, तर वरचे डांबर कितीही उत्तम असले तरी चाकोऱ्या पडतात आणि रस्ता खचतो.

मराठी शेतकऱ्याला या तत्त्वाची एक बाजू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसानंतर जमीन मशागतीयोग्य होते त्या स्थितीला तो वाफसा म्हणतो. वाफसा येण्याआधी शेतात औत घातले तर जमीन दबते आणि तिची ढेकळे होतात. घर सारवण्याआधी जमीन किंचित ओली करून चोपण्यानेच का चोपायची, हेही घरोघरी माहीत होते. अभियंत्याने तोच ओलावा टक्केवारीत मोजला.

रस्त्याला हवी तीच गोष्ट शेताला मात्र मारक ठरते. पिकाच्या मुळांना मातीतील हवा आणि पाण्याला मुरण्याची वाट हवी असते. यमुनेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत हा विरोध ठळकपणे दिसतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येणाऱ्या सोनीपत, पानिपत आणि कर्नाल या जिल्ह्यांत भातानंतर गहू घेण्याची पद्धत आहे. भातासाठी शेतात पाणी साठवून चिखलणी केली जाते. वर्षानुवर्षांची चिखलणी आणि ओल्या जमिनीवरून फिरणारी जड यंत्रे यांमुळे नांगराच्या फाळाखाली एक कठीण थर तयार होतो. भाताला तो पाणी धरून ठेवण्यास मदत करतो. गव्हाची मुळे मात्र त्याच थरावर अडतात. हा थर खोल नांगराने फोडणे, शेत ओले असताना यंत्रे न फिरवणे आणि पिकांचे अवशेष व हिरवळीचे खत जमिनीत मिसळणे हे त्यावरील उपाय आहेत.

रस्ता आणि शेत यांचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. रस्त्याच्या उंच भरावासाठी लागणारी माती बहुधा आसपासच्या शेतांतून उचलली जाते आणि तिच्याबरोबर सुपीक थरही जातो. औष्णिक वीज केंद्रांतील राख भरावासाठी वापरण्याचे प्रयोग याच कारणाने महत्त्वाचे ठरले. दिल्लीत यमुनेवरील दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या पोहोचमार्गाचा भराव अशा राखेचा आहे आणि त्या कामात केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा सहभाग होता. रस्त्यांसाठी संशोधन हवे, या १९२८ च्या शिफारशीचे हे एक फलित म्हणता येईल.

मध्यस्थ, न्यायाधीश, कुलगुरू

अहवाल दिल्यानंतर जयकर यांचे लक्ष पुन्हा राजकारणाकडे वळले. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी आणि सप्रू यांनी येरवडा व नैनी येथील तुरुंगांत जाऊन काँग्रेसच्या नेत्यांशी बोलणी केली. ती निष्फळ ठरली. मार्च १९३१ मध्ये दिल्लीत गांधी-आयर्विन करार झाला, तेव्हा या दोघांचे प्रयत्न काही अंशी सार्थकी लागले. गोलमेज परिषदांत जयकर प्रतिनिधी होते आणि १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींतही ते सहभागी झाले.

१९३७ मध्ये फेडरल कोर्ट स्थापन झाले. सर मॉरिस ग्वायर मुख्य न्यायाधीश होते आणि सर शाह सुलेमान यांच्यासमवेत जयकर न्यायाधीश झाले. न्यायालयाचे कामकाज विधिमंडळाच्या त्याच गोलाकार इमारतीतील नरेंद्र मंडळाच्या दालनात चाले. त्यानंतर काही काळ त्यांनी लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर काम केले.

डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेचे सदस्य म्हणून ते तिसऱ्यांदा या इमारतीत आले. उद्दिष्टांच्या ठरावावर तातडीने मतदान घेऊ नये, मुस्लिम लीग आणि संस्थाने यांना सहभागी होण्यास वेळ द्यावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. सभेत तिला कडाडून विरोध झाला. अखेर मतदान पुढे ढकलण्यात आले आणि ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. लीग मात्र आली नाही. पुढे जयकर यांनी सभेचे सदस्यत्व सोडले. १९४८ पासून १९५६ पर्यंत त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या राजकीय मध्यस्थीचे मूल्यमापन करताना अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रतिसहकाराचे धोरण स्वातंत्र्यलढ्याच्या मुख्य प्रवाहात टिकले नाही. तरीही परक्या सरकारच्या सभागृहात बसून लोकोपयोगी काम उभे करता येते, या त्यांच्या प्रतिपादनाला रस्ते समितीइतका ठोस आधार दुसऱ्या कोणत्याही कामाने दिला नाही.

केंद्रीय रस्ते निधीला २००० साली स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि डिझेलवरील उपकराचा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला. पेट्रोलच्या खपानुसार होणाऱ्या जुन्या वाटपात जे खेडे मागे राहिले होते, त्याच्यापर्यंत इंधनकरातील पैसा पोहोचण्यास सात दशकांहून अधिक काळ लागला. या निधीचे नाव २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी असे झाले. इंधनाच्या करातून रस्ता बांधावा, हे १९२८ सालचे तत्त्व त्यात कायम आहे.