बिराजदार मामा : लाल मातीतला वस्ताद

'महाराष्ट्र केसरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच कोल्हापूर, सांगली नाहीतर पुणं उभं राहतं. पण या किताबाची पहिली कुस्ती आपल्याच गावात झाली होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? 1961 साली, तेव्हाच्या औरंगाबादला! दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी. त्यानंतर आठ वर्षांनी मराठवाड्याच्याच एका पोराने हा किताब मारला. त्या पोराचं नाव हरिश्चंद्र बिराजदार. पुढे अख्खं कुस्तीक्षेत्र त्यांना 'मामा' म्हणायला लागलं.

मामांचा जन्म 1950 चा, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा. निजामाची राजवट संपून जेमतेम दोन वर्षं झालेली. लातूर जिल्हाही तेव्हा नव्हता, तो झाला 1982 साली. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. अशा घरातल्या पोराला पैलवान करायचं म्हणजे चेष्टा नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई... खुराकाचा खर्च आपल्या मेसच्या बिलासारखा 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणून टाळता येत नाही! त्यात चांगली तालीम हवी तर गाव सोडावं लागायचं. मामाही कोल्हापूरला गेले. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या आश्रयामुळे तिथे पेठेपेठेत तालमी होत्या.

1969 चं अधिवेशन भरलं लातूरला, म्हणजे मामांच्या घरच्याच मैदानात. वय एकोणीस. समोर कोल्हापूरचे दादू चौगुले, ज्यांनी पुढची दोन्ही वर्षं हा किताब जिंकला. असा मल्ल हरवून मामा महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक! त्या स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही कुस्तीतली होती. त्यातलं एक निलंग्याकडच्या या विशीतल्या पोराचं. 1972 ला 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. पुढे बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. सतपाल म्हणजे गुरु हनुमानांचा पट्ठा, 1982 च्या आशियाई स्पर्धेतला सुवर्णपदक विजेता. जुने शौकीन अजूनही या कुस्तीचा विषय निघाला की चहा थंड होईपर्यंत बोलत बसतात.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच पैलवानांची असते. कुस्ती थांबली की फेटे, सत्कार, जत्रेतल्या फडावर पंच म्हणून मान, आणि मग हळूहळू विस्मरण. मामांची खरी गोष्ट मात्र त्यानंतर सुरू होते, असं माझं मत आहे. ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले.

खेळाडूचा प्रशिक्षक होणं जगभर चालतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये टॉम लँड्री नावाचा बचावपटू होता. तो इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेला (आपलाच माणूस!). पुढे 1960 ते 1988 असे 29 हंगाम तो डॅलसच्या संघाचा प्रशिक्षक होता. पण तिकडे तो करार असतो, नोकरी असते. आपल्याकडे वस्ताद म्हणजे शिक्षक, रेक्टर आणि बाप, तिन्ही एकाच माणसात. पोरगं तालमीतच राहतं, पहाटे उठून जोर-बैठका काढतं, हौद्यातली माती खणतं. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. पोरगं आजारी पडलं तरी वस्तादच बघतो आणि घरी पळून गेलं तरी वस्तादच परत आणतो.

मामांपुढचा प्रश्न अवघड होता. मातीतली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत लढायचं. मॅटवर मात्र ठरलेली मिनिटं आणि गुणांचा हिशोब. शरीर तेच, पण डोकं वेगळं लागतं. पदक मॅटवर मिळतं, पण गावाकडच्या पैलवानाचं पोट भरतं ते जत्रेतल्या मातीवर. आज मैदान मारलं की आज रोख इनाम! मॅटवर तेच पोरगं चार-पाच वर्षं झिजणार तेव्हा कुठे निवड चाचणीपर्यंत जाणार. मग त्याने मॅटकडे का वळावं? खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही, त्यामागे हे गणित मोठं आहे असं मला वाटतं. मामा स्वतः मातीतून येऊन एडिंबरोला जिंकले होते, त्यामुळे दोन्हीकडचं त्यांना ठाऊक होतं.

त्यांचा पट्टशिष्य काका पवार, हाही लातूरकडचाच. तो गाजला ग्रीको-रोमन प्रकारात. या प्रकारात कमरेखाली हातच लावता येत नाही! आणि आपल्या मातीतल्या पोराचा पहिला डाव म्हणजे पट काढणं, म्हणजे थेट पायाला हात. म्हणजे हाताची सवय मोडून पुन्हा नव्याने शिकायचं. काकांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मामांनाही पुढे ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

दुसरा शिष्य बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. लहान वयातच तो मामांकडे आला. पण त्याचं मोठं यश मामांना बघता आलं नाही. सप्टेंबर 2011 मध्ये मामा गेले. राहुल मग काका पवारांकडे सराव करू लागला, म्हणजे घराणं तेच राहिलं. रिओ ऑलिंपिकची संधी त्याला मिळाली नाही तेव्हा बरेच जण म्हणाले, संपला आता. एप्रिल 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटाच्या फायनलला त्याने कॅनडाच्या ताकाहाशीला 15-7 ने हरवलं. वस्तादांच्या एडिंबरोच्या पदकाला तेव्हा 48 वर्षं झाली होती. राहुलने ते सुवर्णपदक मामांना अर्पण केलं.

जानेवारी 2020 मध्ये पुण्यातल्या बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची फायनल झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्याच तालमीतले, म्हणजे मामांचे नातूच म्हणा ना! हर्षवर्धन 3-2 ने जिंकला आणि हरलेल्या शैलेशला त्याने खांद्यावर उचलून घेतलं.